राणीच्या ताटलीत काय कमी आहे?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आमची राणी चार वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. तिचे वंध्यीकरण झालेले असून वजन 32 किलो आहे. आजवर तिला पॅकेटमधले कोरडे खाद्य देत होतो, पण त्यात काय काय घालतात कोण जाणे, असे वाटून तीन आठवड्यांपूर्वी ते एकदम बंद केले आणि घरचे नैसर्गिक अन्न सुरू केले. रोज 300 ग्रॅम बोनलेस चिकन उकडून, चार वाट्या भात, एक गाजर, चिमूटभर हळद आणि वरून दोन लहान चमचे साजूक तूप, असे दोन वेळांत विभागून देते. ती ताटली चाटूनपुसून साफ करते आणि अंगावर चकाकीही आली आहे. सासरे म्हणतात, गावाकडच्या वाड्यातली कुत्री दूध-भाकरीवरच जगली, एवढे लाड कशाला. मुलगा म्हणतो, कुत्रा हा मुळात लांडगाच, त्याला कच्चे मांस द्यावे. एका व्हिडिओत गोचिडांसाठी अन्नात लसूण घालायला सांगितले आहे. शिवाय आमच्याकडे गुरुवारी आणि पूर्ण श्रावणात मांसाहार शिजत नाही. मी करते ते बरोबर आहे का?

— एक वाचक, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुम्ही पत्रात प्रमाणे लिहून पाठवलीत, याबद्दल आधी आभार मानते. ‘घरचेच देतो आणि चांगले देतो’ एवढ्यावर थांबणाऱ्या पत्रांना उत्तर देणे फार अवघड असते. तुमच्या आकड्यांवरून मला हिशेब मांडता आला. तो मांडल्यावर जे दिसले, ते असे की तुम्ही राणीच्या ताटलीत घालता त्यातली एकही वस्तू वाईट नाही, परंतु तिला रोज लागणारी एक गोष्ट त्या ताटलीत जवळपास नाहीच. ती गोष्ट म्हणजे कॅल्शियम.

300 ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम 30 ते 40 मिलिग्रॅम असते. तुमची वाटी केवढी आहे हे मला ठाऊक नाही (माझ्याच घरात तीन मापांच्या वाट्या आहेत), तेव्हा वाटीभर शिजलेला भात 150 ग्रॅम धरला. त्या हिशेबाने चार वाट्यांतून फार तर 60 मिलिग्रॅम आणि गाजरातून आणखी 15-20 मिलिग्रॅम मिळेल. तूप आणि हळद या बाबतीत मोजण्यासारख्या नाहीत. म्हणजे दिवसाकाठी सगळे मिळून सव्वाशे मिलिग्रॅमच्या आतच. आता गरज पाहा. पशुखाद्याची मानके ठरवणाऱ्या ‘आफको’ या अमेरिकी संस्थेच्या निकषानुसार प्रौढ कुत्र्याच्या अन्नात दर 1000 किलोकॅलरींमागे किमान 1.25 ग्रॅम कॅल्शियम असावे. राणीला दिवसाला साधारण 1200 किलोकॅलरी लागतात असे धरले, तर तिला सुमारे दीड ग्रॅम, म्हणजे 1500 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. तिला त्याचा दहावा हिस्साही मिळत नाही.

एवढ्यावरच भागत नाही. मांसात आणि भातात फॉस्फरस मात्र भरपूर असतो. तुमच्या ताटलीत तो 800 मिलिग्रॅमच्या वर जातो. कुत्र्याच्या अन्नात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडे जास्त, निदान त्याच्या बरोबरीने असावे लागते. इथे फॉस्फरस कॅल्शियमच्या सहा-सात पट झालेला आहे. अशा वेळी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात आणि रक्तातली कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी हाडांतले कॅल्शियम काढून रक्तात ओतू लागतात. रक्ताला ते हवेच असते, कारण हृदयाचा ठोका आणि स्नायूंची हालचाल त्यावर चालते. हाडांकडून घेतलेले हे कर्ज मात्र फेडले जात नाही. यात एक फसवी बाब आहे, जी पुष्कळ सुजाण पालकांनाही माहीत नसते. रक्ततपासणी केली, तर अहवालात कॅल्शियम बहुधा अगदी व्यवस्थित दिसते. ते व्यवस्थित दिसते, कारण हाडे झिजून ते व्यवस्थित ठेवत असतात. म्हणून ‘रक्त तपासले, सगळे नॉर्मल आहे’ या वाक्यावर या बाबतीत विसंबू नये.

तीन आठवड्यांत राणीचे काही बिघडलेले नसेल, ही खात्री बाळगा. प्रौढ कुत्र्याच्या हाडांत मोठी शिल्लक असते आणि ती संपायला कित्येक महिने, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. पिल्लांची गोष्ट निराळी आहे आणि हे उत्तर पिल्लू पाळणाऱ्यांच्याही वाचनात येईल, म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पाच महिन्यांचे जर्मन शेफर्डचे पिल्लू आणले होते. घरच्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून उत्तम प्रतीचे चिकन आणि भात दिला होता, दुसरे काहीही नाही. ते दारातून आत आले तेव्हा त्याचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला कलले होते आणि ते पंज्यांवर उभे राहण्याऐवजी मनगटावर रेलून, जपून जपून पाऊल टाकत होते. घरातल्या एका पायरीवरून उतरताना त्याची मांडी मोडली होती. एक्स-रेमध्ये हाडे इतकी पुसट दिसत होती, की भोवतालच्या मांसात आणि त्यांच्यात फरक करायला फिल्म दिव्याजवळ न्यावी लागली. त्या घरात प्रेमाला आणि पैशाला तोटा नव्हता. वाढत्या वयाच्या, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लाला स्वतःच्या अंदाजाने घरचे अन्न देऊ नका. आणि घाबरून मनाने कॅल्शियमचा भडिमारही करू नका, कारण मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमही हाडांची वाढ बिघडवते.

आता उपायाकडे वळू. सगळ्यात स्वस्त आणि घरात असणारा उपाय म्हणजे अंड्याचे कवच. ते जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट असते आणि त्याच्या वजनाच्या सुमारे 38 टक्के शुद्ध कॅल्शियम असते. फॉस्फरस त्यात नगण्य, त्यामुळे बिघडलेले प्रमाण सावरण्यासाठी ते फार सोयीचे पडते. कवचे धुऊन दहा मिनिटे उकळावीत, कडक वाळवावीत आणि मिक्सरच्या लहान भांड्यात अगदी मैद्यासारखी दळून चाळून घ्यावीत. बोटांत चोळल्यावर कचकच लागली, तर पुन्हा दळावे. राणीच्या मापाने रोज सुमारे 4 ग्रॅम पूड पुरेशी होईल. ती चमच्याने न मोजता लहान वजनकाट्यावर मोजा, कारण पूड किती बारीक आहे त्यावर चमच्यातले वजन पुष्कळ बदलते. बाजारातली कॅल्शियमची सिरपे परस्पर आणू नका. त्यांतल्या अनेकांत कॅल्शियमच्या जोडीला फॉस्फरसही असतो आणि तुमच्या ताटलीत नेमकी त्याचीच भर नको आहे. बाटलीवरचा घटकांचा मजकूर वाचल्यावर हे लक्षात येते, पण तो इतक्या बारीक अक्षरांत छापलेला असतो, की वाचायला चष्म्यावर भिंग धरावे लागते.

नाचणीत कॅल्शियम असते, मग नाचणीची खीर का नको, असा प्रश्न तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल, असे वाटते. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे खरे. पण दीड ग्रॅमसाठी राणीला रोज 400 ग्रॅमहून अधिक पीठ खावे लागेल. तेवढ्यातच तिच्या दिवसभराच्या कॅलरी संपतील, आणि नाचणीतले फायटेट त्यातले बरेचसे कॅल्शियम शोषले जाऊ देणार नाही ते वेगळेच. भाताऐवजी कधी नाचणी दिलीत, तर हरकत काहीच नाही. मात्र तिच्यावर कॅल्शियमची भिस्त ठेवू नका.

कॅल्शियमखेरीजही काही उणिवा आहेत आणि त्या डोळ्यांना लवकर दिसत नाहीत. चिकन-भातात जस्त आणि तांबे अपुरे पडते, आयोडीन जवळजवळ नसते, ई आणि ड ही जीवनसत्त्वे कमी असतात. उन्हात लोळल्याने कुत्र्याला ड जीवनसत्त्व मिळते, हा समज चुकीचा आहे. माणसाप्रमाणे त्याच्या कातडीत ते पुरेसे तयार होत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. जस्त कमी पडले, की डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला आणि पंज्यांच्या गाद्यांवर खपल्या धरू लागतात, आणि त्यावर महिनोन्‌महिने मलमे लावली जातात. तुम्हाला दिसलेली चकाकी बहुधा वाढलेल्या स्निग्धांशाची आहे. ती चांगलीच गोष्ट आहे, पण तीवरून अन्न पूर्ण आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी माझे मत थोडे कडवट आहे, तेही मांडते. अन्न घरी शिजवले की ते आपोआप पूर्ण होते, हा विश्वास माणसाच्या जेवणाबाबत कदाचित चालून जातो, कारण आपण आठवड्याभरात पन्नास निरनिराळे पदार्थ खातो आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. कुत्र्याच्या ताटलीत मात्र तेच चार पदार्थ वर्षानुवर्षे पडतात, त्यामुळे पहिल्या दिवशीची उणीव शेवटच्या दिवसापर्यंत तशीच चालू राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय संशोधकांनी 2013 मध्ये प्रौढ कुत्र्यांसाठी पुस्तकांत आणि इंटरनेटवर दिलेल्या 200 घरगुती पाककृती तपासल्या. त्यांपैकी 95 टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी निघाले, आणि बहुतेकींत एकाहून अधिक. त्यांतल्या काही पाककृती पशुवैद्यांच्याही होत्या, हे आमच्या व्यवसायाच्या वतीने कबूल करायला हवे. पॅकेटमधल्या खाद्याची कैवारी म्हणून मी हे लिहीत नाही. पाकिटावर ‘प्रौढ कुत्र्यांसाठी पूर्ण व संतुलित’ असे स्पष्ट लिहिलेले खाद्य निदान या हिशेबात उतरलेले असते, आणि घरचे अन्न द्यायचे तर तो हिशेब आपल्यालाच करावा लागतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

राणीच्या वजनाकडे येते. तिच्या ठेवणीची लॅब्रॅडॉर कुत्री साधारण 28 किलोची असावी असे मी गृहीत धरते. तुमच्या पशुवैद्यांनी तिला तपासून हा आकडा बदलला, तर त्यांचा आकडा धरा. 28 किलोच्या कुत्रीला नुसते पडून राहायलाही दिवसाला सुमारे 850 किलोकॅलरी लागतात. वंध्यीकरण झालेल्या, रोज फिरायला जाणाऱ्या कुत्रीसाठी त्याच्या दीडपट किंवा थोडे अधिक धरतात. राणीला वजन उतरवायचे असल्याने 1200 पासून सुरुवात करावी. तुम्ही सध्या देता ते सुमारे 1300 भरते, आणि घरातला प्रत्येक जण येता-जाता तिच्यापुढे काय टाकतो ते तुमच्या पत्रात नाही. ती ताटली चाटूनपुसून खाते, यावरून अन्न मानवते असे समजू नका. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉर कुत्र्यांत पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नेणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. अशा कुत्र्याला भूक सतत लागलेली असते. त्याच्या डोळ्यांतली आर्जवे खरी असतात, पण त्याला अन्नाची गरज असतेच असे नाही.

म्हणून ताटली अशी बदलावी, असे सुचवते. बिनहाडाचे, कातडी काढलेले चिकन (कच्चे असताना मोजून) 400 ग्रॅम. शिजलेला भात 350 ग्रॅम. लाल भोपळा, गाजर, फरसबी अशा भाज्या मऊ शिजवून 150 ग्रॅम. एक पूर्ण उकडलेले अंडे. कोंबडीची कलेजी 25 ग्रॅम, किंवा आठवड्याची एकदम आणून शिजवून वाटून ठेवावी. तुपाऐवजी करडईचे किंवा सूर्यफुलाचे तेल दोन लहान चमचे. आणि वर सांगितलेली कवचाची पूड 4 ग्रॅम. तुपाला माझा विरोध भावनिक नाही. कुत्र्याच्या त्वचेला जे लिनोलेइक आम्ल लागते, ते तुपात अगदी थोडे आणि करडईच्या तेलात भरपूर असते, एवढेच त्यामागचे कारण. कलेजी चांगली म्हणून ती दुप्पट-तिप्पट देऊ नका. तिच्यातले अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि जास्त झाले की हाडांनाच बाधते. आठवड्यातून दोनदा चिकनऐवजी बांगडा किंवा तारली उकडून, काटे नीट काढून दिली, तर उत्तम. सुकट आणि सुके बांगडे मात्र मिठामुळे टाळावेत.

एवढे करूनही जस्त, आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्वे पुरी पडत नाहीत. त्यांसाठी घरच्या अन्नाला जोड म्हणून बनवलेली खनिज-जीवनसत्त्वांची पूड पशुवैद्यांच्या सल्ल्याने, राणीच्या वजनाच्या मापात घालावी लागेल. माझी ही ताटली कच्चा आराखडा समजा. मी राणीला पाहिलेले नाही, आणि तिचे मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड कसे आहे हे मला ठाऊक नाही. सांगलीहून पुण्याकडे येताना वाटेत शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय लागते. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पशुपोषणाचा स्वतंत्र विभाग असतो. तिथे ताटलीचा कागद घेऊन जाऊन विचारणे, हे व्हिडिओ पाहण्यापेक्षा केव्हाही चांगले.

तुमच्या मुलाचे आणि तुमच्या सासऱ्यांचे म्हणणे परस्परांच्या विरुद्ध असले, तरी दोघांकडेही अर्धे खरे आहे. कुत्रा लांडग्यापासून आला, हे बरोबर. पण तो माणसाच्या उंबऱ्यापाशी काही हजार वर्षे राहिला आहे आणि त्या काळात त्याचे पोट बदलले आहे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये कुत्रा आणि लांडगा यांची जनुके ताडून पाहिली, तेव्हा पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या आणि कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. भात किंवा भाकरी ही कुत्र्याच्या प्रकृतीविरुद्ध आहे, असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही. वाड्यातली कुत्री मात्र नुसत्या दूध-भाकरीवर कधीच जगली नाहीत. ती उंदीर-घुशी मारत, उकिरड्यावरची हाडे फोडत, मेलेल्या जनावरावर ताव मारत. भाकरी मालकाने पाहिली, बाकीचे पाहिले नाही. त्यांतली किती कुत्री दहा वर्षांची झाली, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

कच्चे मांस देऊ नका, असे मी स्पष्टच सांगते. आपल्याकडे कोंबडी कापल्यापासून पिशवीत पडेपर्यंत उघड्यावर, उन्हात, एकाच ओंडक्यावर असते. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणू त्यात असणे मुळीच दुर्मीळ नाही. कुत्र्याला त्यांचा त्रास झाला नाही, तरी ते त्याच्या विष्ठेतून आणि लाळेतून घरभर फिरतात, आणि तुमच्या घरात वयस्कर सासरे आहेत. फ्रीझरमध्ये ठेवल्याने जिवाणू मरत नाहीत, ते केवळ थांबून राहतात. शेळ्या-मेंढ्यांची कच्ची कलेजी आणि फुप्फुसे तर कधीच देऊ नयेत. त्यांतल्या पाणीदार गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, की माणसाच्याच यकृतात तशा गाठी होतात. नीट शिजवल्याने हा धोका संपतो.

शिजवायचे म्हटल्यावर हाडांचा प्रश्न येतो. शिजलेले हाड ठिसूळ होऊन टोकदार तुकड्यांत फुटते. माझ्या दवाखान्यात हे वर्षातल्या एका ठरावीक दिवशी हमखास दिसते, तो म्हणजे गटारीच्या दुसऱ्या दिवशी. श्रावण लागायच्या आधी घरोघरी रस्सा शिजतो, उरलेली हाडे आणि वरची चरबी कुत्र्याच्या वाट्याला येते, आणि सकाळी आठपासून दाराशी रांग लागते. कोणाच्या घशात कोंबडीच्या तंगडीचे हाड अडकलेले, कोणाचे पोट ताठ आणि पाठ धनुष्यासारखी वाकलेली, कोणाला पाण्याचा घोटही ठरत नाही. यातली दुसरी तक्रार बहुधा स्वादुपिंडाच्या दाहाची असते आणि ती एकाच जेवणातल्या जादा चरबीने होऊ शकते. ती जिवावरही बेतते.

लसणाचा सल्ला पूर्णपणे बाजूला ठेवा. लसणाने गोचीड जाते, याला काही आधार नाही. मात्र कांदा आणि लसूण या दोन्हींमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, हे पक्के ठाऊक आहे. कच्चे, शिजवलेले, वाळवलेले, पूड केलेले, कोणत्याही रूपात तोच परिणाम होतो आणि रोज थोडे थोडे दिल्यानेही तो साचत जातो. आता गंमत अशी, की गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिओसिस या तापातही तांबड्या पेशीच फुटतात. म्हणजे ज्या कुत्र्याला गोचिडाने आधीच रक्तक्षयाच्या उंबरठ्यावर आणले असेल, त्याला लसूण घालून आपण वरून धक्का देतो. गोचिडांसाठी पशुवैद्यांकडून मिळणारी, वजनानुसार द्यायची गोळी किंवा मानेवर लावायचे औषध वापरा. रस्सा, आमटी, भाजी यांत फोडणीला कांदा-लसूण असतोच, तेव्हा आपल्या ताटातले उरलेले राणीला घालू नका.

तुम्ही सांगलीच्या आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहिते. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला कधीही देऊ नयेत. त्याने मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते आणि कोणत्या कुत्र्याला किती दाणे बाधतील, हे आधी सांगता येत नाही. तासगावच्या बेदाण्यांची पिशवी ज्या घरात डब्याबाहेर पडलेली असते आणि प्रसादाच्या शिऱ्यात ज्यांचा हात सढळ असतो, त्या घरांत हा धोका पुस्तकी राहत नाही. तिने खाल्लेच, तर उलटी होण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. चॉकलेट आणि साखरमुक्त गोळ्यांतले झायलिटॉल यांनाही हाच नियम. हळदीची चिमूट निरुपद्रवी आहे. सांगलीत हळदीविरुद्ध बोलायचे माझे धाडसही नाही, फक्त तिच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नका.

आता गुरुवार आणि श्रावण. मांजराला मांसाशिवाय चालत नाही. कुत्र्याला नीट आखलेल्या शाकाहारी अन्नावर राहता येते, परंतु ते आखणे चिकन-भातापेक्षा अवघड आहे आणि नुसत्या वरण-भाताने किंवा दहीभाताने ते साधत नाही. महिनाभरासाठी घरी असा प्रयोग करण्यापेक्षा श्रावणात राणीला पूर्ण व संतुलित असे पॅकेटचे खाद्य सुरू करावे, असे मी सुचवेन. घरात काही शिजत नाही आणि तिचेही काही अडत नाही. गुरुवारसाठी मात्र दर आठवड्याला असा बदल केल्यास पोट बिघडेल. त्या एका दिवशी चिकनऐवजी 150 ग्रॅम पनीर आणि घरात चालत असेल तर अंडे द्यावे. पनीरमध्ये स्निग्धांश बराच असल्याने त्या दिवशी तेल घालू नये. आठवड्यातला एक दिवस थोडा कमी-अधिक झाला, तर काही बिघडत नाही.

रोज निम्मे पॅकेटचे आणि निम्मे घरचे, असाही एक मार्ग पुष्कळ लोक काढतात. तो चालतो, पण घरच्या निम्म्या भागातली उणीव तेवढीच निम्मी शिल्लक राहते, हे ध्यानात ठेवून त्या भागात कवचाची पूड घालावीच लागते.

बदल करताना घाई नको. तुम्ही मागच्या वेळी एकदम बदल केलात आणि तो निभावला, हे राणीचे पोट चांगले असल्याचे लक्षण आहे. यापुढे मात्र चौथा हिस्सा नवे, मग निम्मे, मग तीन हिस्से, असे आठ-दहा दिवस घ्या. श्रावणाच्या आधी आणि नंतरही असेच करा. दर पंधरा दिवसांनी वजन करा. घरच्या काट्यावर 32 किलोची कुत्री उभी राहणार नाही आणि तिला उचलून घेऊन काट्यावर चढणे तुमच्या कमरेला परवडणार नाही, तेव्हा दवाखान्यातला जमिनीसपाट काटा वापरू द्यायला सांगा. त्याचे कोणी पैसे घेत नाही. मधल्या काळात तिच्या बरगड्यांवरून हात फिरवून पाहा. आपला हात सपाट पसरल्यावर त्याच्या मागच्या बाजूची हाडे बोटाला जशी लागतात, तशा बरगड्या लागाव्यात; तळहातासारखे मऊ लागले, तर भात 50 ग्रॅमने कमी करा. वजन उतरवताना चिकन आणि कवचाची पूड कमी करू नका. दोन-तीन महिन्यांनी पशुवैद्यांकडून त्वचा, दात आणि जबडा तपासून घ्या, आणि सोबत ताटलीतल्या वस्तूंची वजनासह लिहिलेली यादी न्या.

राहता राहिली सासऱ्यांची भाकरी. मला वाटते, तुम्ही नको म्हटलेत तरी ते संध्याकाळी ओट्यावर बसून राणीला तुकडा मोडून देणारच, आणि तीही त्यांच्याच गुडघ्याशी जाऊन बसणार. वरखर्चाच्या खाण्याला दिवसाच्या कॅलरींचा दहावा हिस्सा, म्हणजे राणीच्या बाबतीत 120 किलोकॅलरी सोडता येतात. चतकोर ज्वारीची भाकरी त्यात सहज बसते. ठेचा लावलेली बाजू मात्र त्यांनी स्वतः खावी.